बदल्यांचा हंगाम आणि दोनशे मिनिटांची पाळी

एप्रिल-मे महिना आला की पंचायत समितीच्या आवारात एकच विषय असतो. बदल्या! कोण चाललं, कोण येणार, नवे भाऊसाहेब कसे आहेत, आधीच्या गावात त्यांनी काय काम केलं, आपल्याकडे टिकतील का. २००५ च्या बदल्यांच्या कायद्यात सर्वसाधारण बदल्यांसाठी हेच दोन महिने नेमून दिलेले आहेत, त्यामुळे चहाच्या टपरीवर या दिवसांत दुसरा विषय निघतच नाही.

अगदी याच दिवसांत, सातासमुद्रापलीकडे अमेरिकेतल्या इंडियाना राज्यातही मका-सोयाबीन पिकवणारे शेतकरी पेरणीची तयारी करता करता बदल्यांवरच वाद घालत असतात. फरक एवढाच, की त्यांच्या बदल्या तलाठ्यांच्या नसतात, कॉलेजात बास्केटबॉल खेळणाऱ्या पोरांच्या असतात. कोणता गडी आपलं कॉलेज सोडून चालला, कोणता आपल्याकडे येईल, आला तर कोणाच्या जागी खेळेल, आणि मग आपल्या जुन्या पोराचं काय होईल?

तुम्ही म्हणाल, याचा आमच्या बांधाशी काय संबंध? थोडा दम धरा. हा खेळ आहे शेतकऱ्यांच्या मुलखातला, त्याचा हिशोब आहे पाणीपाळीसारखा, आणि त्यातलं दुखणं तर आपल्या ओळखीचं आहे. लहान गावाने पोर घडवायचं आणि मोठ्याने न्यायचं.

फळांच्या टोपल्यांचा खेळ

बास्केटबॉलचा जन्म १८९१ च्या डिसेंबरचा. मॅसॅच्युसेट्स राज्यातल्या स्प्रिंगफील्ड गावी जेम्स नेस्मिथ नावाचे मास्तर होते. हिवाळ्यात पोरांना चार भिंतींच्या आत खेळायला काही तरी हवं होतं. त्यांनी पीच फळांच्या दोन टोपल्या सज्जाच्या कठड्याला ठोकल्या आणि तेरा नियम लिहून काढले. टोपली जमिनीपासून दहा फुटांवर आली. आज टोपलीच्या जागी लोखंडी कडं आहे, पण उंची तीच, दहा फूट. हेच नेस्मिथ पुढे १८९८ साली कॅन्सस विद्यापीठात गेले, म्हणजे गव्हाच्या मुलखात.

हा खेळ खेड्यापाड्यांत का रुजला, ते आपल्याला चटकन कळेल. इंडियानात मका आणि सोयाबीनची काढणी साधारण ऑक्टोबर-नोव्हेंबरात उरकते. नवी पेरणी एप्रिलच्या शेवटाला किंवा मे महिन्यात. मधले महिने जमीन गोठलेली, हाताला काम कमी. कॉलेजांच्या बास्केटबॉलचा हंगाम नेमका नोव्हेंबर ते एप्रिलच्या सुरुवातीपर्यंत. म्हणजे काढणी झाली की सुरू आणि पेरणीआधी संपला. शिवाय मैदानात एका वेळी एका बाजूचे पाचच गडी लागतात. ज्या शाळेत पोरंच मूठभर, तिलाही संघ उभा करता येतो.

इंडियानातलं मायलन हे असंच एक छोटं गाव. १९५४ साली तिथल्या हायस्कुलात अवघे १६१ विद्यार्थी होते. त्या शाळेने राज्याच्या अंतिम सामन्यात मन्सी सेंट्रल या कितीतरी मोठ्या शाळेला ३२-३० असं हरवलं. शेवटची टोपली बॉबी प्लंप या पोराने अखेरच्या क्षणी टाकली. त्यावरून स्फूर्ती घेऊन १९८६ साली सिनेमाही निघाला. तिकडच्या गावांत ही कथा अजून सांगितली जाते, आपल्याकडे जुन्या कुस्त्यांच्या सांगतात तशी.

दोनशे मिनिटं, पाळी कोणाला?

आता हिशोबाकडे या. कॉलेजच्या पुरुषांचा सामना चाळीस मिनिटांचा. मैदानात पाच गडी. पाच गुणिले चाळीस किती? दोनशे. म्हणजे एका संघाकडे एका सामन्यात वाटायला दोनशे मिनिटं असतात. त्यात एक मिनिट वाढत नाही की कमी होत नाही. सामना बरोबरीत सुटून जादा वेळ मिळाला तरच काय ते.

संघात गडी मात्र तेरा ते पंधरा. समान वाटली तर प्रत्येकाला तेरा ते पंधरा मिनिटं येतील. पण असं कोणी वाटत नाही. प्रमुख तिघे पस्तीस-पस्तीस मिनिटं खेळले, की एकशे पाच गेली. उरली पंच्याण्णव, आणि खाणारी तोंडं दहा-बारा. बहुतेक प्रशिक्षक आठ-नऊ गड्यांतच पाणी फिरवतात. बाकीचे बाकावर. चारीच्या शेवटाला ज्याचं रान आहे, त्याला वेगळं सांगायला नको. वरच्यांची भिजवण होईपर्यंत आवर्तन संपून जातं.

तिकडच्या चाहत्यांच्या निम्म्या गप्पा या वाटपाच्या असतात. नवा गडी आणला तर तो वीस-पंचवीस मिनिटं मागणारच. ती कोणाच्या पाळीतून कापायची? ज्याची कापली, तो पोरगा पुढच्या वर्षी थांबेल की जाईल? एक आणला आणि दोन गमावले, असं तर होणार नाही?

उरलेल्या निम्म्या गप्पा कामाच्या वाटणीच्या. कबड्डीत जसा चढाई करणारा वेगळा, कोपरा धरणारा वेगळा, तसंच इथेही आहे. एक जण चेंडू वर नेतो आणि कोणाला कधी द्यायचा ते ठरवतो. त्याला आपण दारं धरणारा म्हणू. त्याचं लक्ष ढळलं, तर पाणी भलत्याच सरीत जातं. एक जण पावणेसात मीटर अंतरामागून टोपली साधतो, त्याला तीन गुण मिळतात. एक उंचपुरा गडी टोपलीखाली उभा राहून आपल्या बाजूची राखण करतो आणि समोरच्या बाजूला गुण करतो. आणि एखादा असा असतो, की त्याचं नाव वर्तमानपत्रात येत नाही. समोरच्या संघाच्या सर्वांत तरबेज गड्याला धरून ठेवणं, आडवं उभं राहून सोबत्याची वाट मोकळी करणं, पडलेल्या चेंडूवर झेप घेणं, हे त्याचं काम. जाणता चाहता या माणसाची किंमत ओळखतो.

आपलं काम ओळखून तेवढंच चोख करण्याचं एक उदाहरण सांगतो. जॅक गोल्के हा मिशिगन राज्यातल्या हिल्सडेल या दुसऱ्या श्रेणीच्या कॉलेजात खेळणारा पोरगा. शेवटच्या वर्षासाठी तो त्याच राज्यातल्या ओकलंड विद्यापीठात आला. त्याचं काम एकच, लांबून तीन गुणांचा नेम. अख्ख्या हंगामात त्याने दोन गुणांचे प्रयत्न केले ते बोटांवर मोजण्याइतके. २०२४ च्या मार्चमध्ये राष्ट्रीय स्पर्धेत ओकलंडची गाठ बलाढ्य केंटकीशी पडली. या पठ्ठ्याने लांबून दहा टोपल्या टाकल्या, एकूण ३२ गुण केले, आणि केंटकी ८०-७६ ने घरी गेली.

कचऱ्याच्या गाडीवरचा पोरगा

कॉलेज बदलणं तिकडे नवीन नाही. फ्रेंच लिक नावाच्या इंडियानातल्या छोट्या गावचा लॅरी बर्ड हा पोरगा १९७४ साली राज्यातल्या मोठ्या इंडियाना विद्यापीठात गेला. हजारो विद्यार्थ्यांचा तो पसारा पाहून त्याचा जीव घाबरला. महिनाही झाला नाही तोच तो गावी परत आला. गावच्या नगरपालिकेत त्याने नोकरी धरली. कचऱ्याच्या गाडीवर काम केलं, रस्त्यांची डागडुजी केली. ग्रामपंचायतीत काम करणाऱ्या आमच्या मंडळींनी हे जरूर लक्षात ठेवावं.

पुढच्या वर्षी तो टेरे होट गावच्या इंडियाना स्टेट या त्या मानाने लहान विद्यापीठात दाखल झाला. पण त्या वेळचा नियम कडक होता. कॉलेज बदललं, की एक वर्ष बाहेर बसायचं. बर्ड बसला. १९७६ च्या हंगामापासून खेळू लागला. १९७९ साली त्याच्या संघाने लागोपाठ ३३ सामने जिंकून राष्ट्रीय अंतिम फेरी गाठली. तिथे मॅजिक जॉन्सनच्या मिशिगन स्टेटने त्यांना ७५-६४ ने हरवलं. तरी एका लहान कॉलेजाला बर्डने जे नाव मिळवून दिलं, ते कायमचं राहिलं.

बंधारा फुटला

एक वर्ष बाहेर बसण्याचा नियम हाच खरा बंधारा होता. पोरं सहसा हलत नसत. मग नियम बदलू लागले. कॉलेजांच्या खेळांचा कारभार एनसीएए ही संस्था पाहते. तिने ऑक्टोबर २०१८ मध्ये एक नोंदवही सुरू केली. ज्याला जायचं आहे, त्याचं नाव त्यात लागतं, आणि मग इतर कॉलेजांना त्याच्याशी उघड बोलता येतं. २०२१ च्या एप्रिलमध्ये ठरलं, की एकदा बदलीला बसावं लागणार नाही. २०२४ च्या एप्रिलमध्ये तीही अट गेली. अभ्यासात पास असेल, तर खेळाडूने कितीही वेळा बदली घ्यावी.

पैशाचंही तसंच झालं. पूर्वी कॉलेजच्या खेळाडूला शिष्यवृत्तीपलीकडे कमाई करायला बंदी होती. १ जुलै २०२१ पासून त्याला आपल्या नावावर, छायाचित्रावर पैसे कमावता येऊ लागले. जाहिरात करा, दुकानाचं उद्घाटन करा. जून २०२५ मध्ये एका मोठ्या खटल्यात न्यायालयाने तडजोड मंजूर केली, आणि १ जुलै २०२५ पासून विद्यापीठांना थेट खेळाडूंना पैसे देण्याची मुभा मिळाली. पहिल्या वर्षाची मर्यादा होती एका विद्यापीठाला सर्व खेळ मिळून सुमारे दोन कोटी पाच लाख डॉलर. एवढी रक्कम मोजायची ताकद मोठ्यांचीच. लहान कॉलेजं त्यात कुठे बसणार?

पर्ड्यूची गोष्ट

आता एका संघाची गोष्ट सांगतो, म्हणजे चाहत्यांच्या आशा-निराशेचा अंदाज येईल. इंडियानातलं पर्ड्यू विद्यापीठ १८६९ सालचं. १८६२ च्या अमेरिकन कायद्याने राज्यांना जमिनी देऊन शेती आणि यंत्रविद्येची जी विद्यापीठं निघाली, त्यांपैकी हे एक. आपल्याकडची राहुरी, अकोला, परभणी, दापोलीची कृषी विद्यापीठं याच धर्तीवर उभी राहिली, म्हणजे हे आपल्याला अगदीच परकं नाही.

पर्ड्यूकडे झॅक ईडी नावाचा सात फूट चार इंच उंचीचा गडी होता. मैदानात उभा राहिला, की लिंबाच्या झाडाखाली तुळस दिसावी तसे बाकीचे दिसत. २०२३ च्या राष्ट्रीय स्पर्धेत पर्ड्यूला आपल्या गटात पहिलं मानांकन होतं. समोर सोळावं मानांकन असलेलं न्यू जर्सीचं एक लहान विद्यापीठ, फेअरली डिकिन्सन. त्यांचा संघ देशात सर्वांत ठेंगणा. आणि त्या ठेंगण्यांनी पर्ड्यूला ६३-५८ ने हरवलं! पुरुषांच्या स्पर्धेत सोळाव्याने पहिल्याला हरवण्याची ही केवळ दुसरी वेळ. पहिली २०१८ सालची.

त्या रात्री इंडियानातल्या किती घरांत जेवण गोड लागलं नसेल! दुसऱ्या दिवसापासून चर्चा सुरू. दोष कुठे होता? लांबून २६ वेळा नेम धरला आणि पाच टोपल्या पडल्या. चेंडू १६ वेळा हातचा घालवला. दारं धरणारी पोरं पहिल्या वर्षाची, समोरच्यांनी अंगावर धावून जाऊन त्यांना दमवलं. बैल दांडगा होता, पण कासरा धरणारे हात कोवळे होते.

मग कोणी म्हणायचं, बाहेरून तीन-चार तयार गडी आणा. कोणी म्हणायचं, नको, आपलीच पोरं एका वर्षाने मोठी होतील. २००५ पासून सूत्रं सांभाळणारे प्रशिक्षक मॅट पेंटर हे घरच्या रोपावर भरवसा ठेवणारे. त्यांनी बाजार मांडला नाही. सदर्न इलिनॉय विद्यापीठात चार हंगाम खेळलेला लान्स जोन्स हा एक गडी आणला. जुन्या कॉलेजात तो पुढारी होता, त्याच्याच हाती चेंडू असायचा. इथे त्याला सांगितलेलं काम वेगळं होतं. समोरच्या चपळ गड्याला आवरायचं, आणि कोवळ्या पोरांवर दाब आला, की चेंडू आपल्या हाती घ्यायचा. त्याने ते केलं. मोठेपण बाजूला ठेवून केलं.

परिणाम? २०२४ साली पर्ड्यू १९८० नंतर पहिल्यांदा शेवटच्या चारांत पोचलं. त्याआधीच्या फेरीत टेनेसीला ७२-६६ ने हरवलं, ईडीने एकट्याने ४० गुण केले. टेनेसीकडून डाल्टन नेक्टने ३७ केले. हा नेक्ट कोण? कोलोरॅडो राज्यातल्या स्टर्लिंग या शेतीच्या भागातल्या दोन वर्षांच्या छोट्या कॉलेजात सुरुवात केलेला, तिथून नॉर्दर्न कोलोरॅडोत, आणि तिसऱ्या मुक्कामी टेनेसीत आलेला. तीन कॉलेजं फिरलेला पोरगा आणि घरच्या रोपांचा संघ एकाच सामन्यात समोरासमोर होते.

अंतिम सामना पर्ड्यू हरलं. कनेटिकटने ७५-६० ने मात केली. विजेत्यांचा सर्वोत्तम ठरलेला ट्रिस्टन न्यूटन हाही ईस्ट कॅरोलायनाहून बदली घेऊन आलेला. आणि महिन्या-दोन महिन्यांत पर्ड्यूचा घरचा गडी मेसन गिलिस शेवटच्या वर्षासाठी ड्यूक विद्यापीठाला गेला. पुन्हा चर्चा सुरू. चाक काही थांबत नाही.

नर्सरी कोणाची, बाग कोणाची?

या चर्चेतला खरा सल लहान कॉलेजांच्या गावांना आहे. न्यू जर्सीतल्या सेंट पीटर्स या लहानशा कॉलेजाचं २०२२ सालचं उदाहरण पाहा. पंधराव्या मानांकनाच्या या संघाने केंटकीला हरवलं, मरे स्टेटला हरवलं, मग पर्ड्यूलाही ६७-६४ ने हरवलं, आणि शेवटच्या आठांत गेला. एवढं यश त्या कॉलेजाने कधी पाहिलं नव्हतं. पण मांडव उतरायच्या आत प्रशिक्षक शहीन हॉलोवे सीटन हॉलला गेले. पाठोपाठ प्रमुख पोरंही पांगली. एक ब्रायंटला, एक सेंट बोनाव्हेंचरला, एक प्रशिक्षकाच्या मागे सीटन हॉललाच.

२०२५ साली फ्लोरिडा विद्यापीठाने अंतिम सामन्यात ह्यूस्टनला ६५-६३ ने हरवून अजिंक्यपद घेतलं. त्यांचे प्रमुख गडी बघा. वॉल्टर क्लेटन आयोना कॉलेजातून आलेला. अलायजा मार्टिन फ्लोरिडा अटलांटिकमधून. विल रिचर्ड बेलमाँटमधून. रोपं तीन वेगवेगळ्या नर्सऱ्यांची, फळं एकाच बागेत.

फुटबॉलच्या जागतिक संघटनेचा एक नियम आहे. खेळाडू पैसे मोजून एका देशातून दुसऱ्या देशाच्या क्लबात गेला, की त्या रकमेतले पाच टक्के, ज्या क्लबांनी त्याला बारा ते तेवीस वर्षं वयात घडवलं, त्यांच्यात वाटले जातात. अमेरिकेतल्या कॉलेज बास्केटबॉलमध्ये अशी सरसकट तरतूद नाही. ज्याने रोप वाढवलं, त्याच्या हाती बहुधा आठवणच राहते.

पण थांबा, दुसरी बाजूही ऐका. ज्या काळी पोरगा बदलीसाठी वर्षभर बाहेर बसत होता, त्याच काळात प्रशिक्षक मात्र जास्त पगारासाठी एका रात्रीत कॉलेज बदलत होते. त्यांना कोणी बसवलं नाही. घाम पोरांचा, तिकिटं विकणार कॉलेज, आणि पोराच्या नावाचे सदरे विकणारा तिसराच. आपला माल कुठे विकायचा ते ठरवायची मुभा शेतकऱ्याला हवी, असं आपण इतकी वर्षं म्हणत आलो. मग आपली मेहनत कुठे विकायची ते ठरवायची मुभा पोराला नको, असं कोणत्या तोंडाने म्हणणार? पोरांनी जावं, त्यात पाप नाही. प्रश्न एवढाच, की मागे राहिलेल्या गावाने पुढचं रोप कशाच्या बळावर लावायचं?

आपण काय घ्यायचं?

सरपंच मंडळी, क्रीडाशिक्षक आणि तरुण मंडळांच्या कार्यकर्त्यांनो, आपल्या गावातही कबड्डी, खो-खो, कुस्तीची पोरं आहेत. चांगला निघाला की तो तालुक्याला जातो, तिथून शहरातल्या संघात. पंजाबमधल्या बरनाला जिल्ह्यातल्या बल्लो के या लहानशा गावचा, शेतकऱ्याचा मुलगा सतनाम सिंग चौदाव्या वर्षी अमेरिकेत शिकायला गेला, आणि २०१५ साली तिथल्या व्यावसायिक बास्केटबॉलच्या निवडीत घेतला गेलेला पहिला भारतीय ठरला. असा पोरगा अडवून ठेवण्यात गावाचं भलं नाही.

पण दोन गोष्टी आपल्या हातात आहेत. पहिली, गड्याला त्याचं काम नीट सांगा. सगळ्यांनाच चढाई करायची असेल, तर कोपरा कोण धरणार? लान्स जोन्सने दुसऱ्याच्या घरी जाऊन धाकटं काम पत्करलं, म्हणून थोरला संघ पुढे गेला. ज्याला पाळी कमी मिळते, त्याच्याशी बोला. का कमी, आणि वाढायला काय करावं लागेल, हे त्याला कळलं तर तो रुसून जात नाही.

दुसरी, बाहेर गेलेल्या पोराशी धागा तोडू नका. तो सुटीत आला, की धाकट्या पोरांसमोर त्याला उभं करा. एक दिवस त्याने त्यांच्याकडून सराव करून घेतला, तरी गावाचं बियाणं गावात राहतं. हिशोबात कुठलाही नियम ते पैसे देणार नाही, पण त्या एका दिवसातून पुढचा गडी निघू शकतो.

येत्या एप्रिलमध्ये तुम्ही पंचायत समितीत नव्या साहेबांची वाट बघत असाल, तेव्हा इंडियानातला कोणी मक्याचा शेतकरीही पेरणीयंत्राला तेल घालता घालता शेजाऱ्याला विचारत असेल, "यंदा कोण येतोय आपल्याकडे? आणि आपला कोण चालला?" प्रश्न त्याचा आणि आपला एकच आहे. येणाऱ्याचं स्वागत करावं, जाणाऱ्याला भाकरी बांधून द्यावी, आणि रिकाम्या झालेल्या वाफ्यात वेळेवर नवं बी टाकावं.